बालविभागातलं पुरस्कारांचं कपाट: कामाच्या नोंदी

२ एप्रिल

काम हातात घेतलं. वाचनालयाच्या बालविभागात पुरस्कार मिळालेली जुनी-जाणती पुस्तकं कोणती, कुठं आणि कुठल्या अवस्थेत आहेत ते शोधायचं. दुरुस्त होतील ती करायची, नसतील ती आणायची आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत मुलांच्या हाताला लागतील अशी मांडायची. आज हान्स ख्रिश्चन अँडरसनचा जन्मदिवस. १९६७ पासून तो आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून पाळतात. मुहूर्त म्हणून पुरे.

आधी तक्ता ठरवला. दाखल क्रमांक, मुखपृष्ठावर आहे तसंच शीर्षक, मूळ शीर्षक, लेखक, अनुवादक, चित्रकार, आवृत्ती आणि तिचं साल, पुरस्कार, पुरस्काराचं साल, पुरस्कार कशाला, प्रतीची अवस्था. चित्रकाराचा रकाना आपल्या रजिस्टरात कधीच नव्हता. तो नसेल तर निम्मे पुरस्कार लिहायचे कुठं? अमेरिकेतलं कॅल्डिकॉट पदक १९३८ पासून दिलं जातं, आणि ते चित्रकाराचंच असतं.

‘जुनं’ म्हणजे किती, यावर बराच वेळ गेला. परदेशी पुस्तक पहिल्यांदा छापून पंचवीस वर्षं झालेली असावीत, असं ठरलं. मराठीला ही अट लावता येत नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारच २०१० साली सुरू झाला. पंचवीस वर्षं मोजत बसलो तर त्या यादीतली बहुतेक पुस्तकं कपाटात येणार नाहीत.

५ एप्रिल

दाखल रजिस्टरं काढली. शेऱ्याच्या रकान्यात ‘पुरस्कृत’, ‘पारितोषिक’ किंवा ‘शासनमान्य’ असं दिसलं की त्या ओळीवर खूण, अशी पहिली चाळणी लावली. चाळणीत कोंडाच जास्त राहिला. कारण मराठीतच आहे.

‘पुरस्कृत’ या शब्दाचे दोन अर्थ चालतात. ‘अकादमी पुरस्कृत’ म्हणजे अकादमीनं गौरवलेलं, पण ‘शासन पुरस्कृत योजना’ म्हणजे शासनानं पैसे घातलेली योजना. योजनेतून आलेल्या पुस्तकांवर मागच्या कुणीतरी सरसकट ‘पुरस्कृत’ लिहून ठेवलंय. ‘शासनमान्य’ म्हणजे ग्रंथखरेदीच्या मान्य यादीत नाव असलेलं पुस्तक. तो पुरस्कार नव्हे. ‘पारितोषिक’ तर बहुतेक ठिकाणी आतल्या चिठ्ठीवरून उचललंय: शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणाला तरी वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून पुस्तक मिळालं, पुढं ते वाचनालयाला भेट आलं. बक्षीस मुलाचं, पुस्तकाचं नव्हे. आणि फार जुन्या पुस्तकांत ‘पुरस्कार’ असं शीर्षक देऊन कुणा मोठ्या माणसानं लिहिलेली प्रस्तावनाच सापडते. त्या काळी शिफारशीच्या चार शब्दांनाही पुरस्कार म्हणत.

म्हणून उलट बाजूनं जायचं ठरलं. पुरस्कारांच्या वर्षवार याद्या समोर ठेवायच्या आणि एकेक नाव रजिस्टरात शोधायचं. संगणकावर शोधताना पूर्ण शीर्षक टाकायचं नाही. ‘श्यामची आई’ आपल्याकडं ‘शामची’ आणि ‘श्यामची’ अशी दोन्ही नोंदलेली आहे, एका ठिकाणी नुसतं ‘शा. आई’. शीर्षकातला जोडाक्षर नसलेला एक शब्द आणि आडनाव, एवढंच टाकावं. अनुवादित पुस्तकांत लेखकाच्या जागी अनुवादकाचं नाव घातलेलं बऱ्याचदा आढळतं, तेव्हा दोन्ही नावांनी शोधायचं.

८ एप्रिल

सगळ्या कामातला हा कळीचा भाग. पुरस्कार कशाला, हे ठरल्याशिवाय कुठल्याही पुस्तकाला खूण लावायची नाही. पाच अक्षरं ठरवली: ‘पु’ पुस्तकाला, ‘ले’ लेखकाला एकूण कामगिरीबद्दल, ‘चि’ चित्रांना, ‘स’ सन्मान-उल्लेख, आणि ‘रू’ पुस्तकाच्या दुसऱ्या रूपाला, म्हणजे चित्रपटाला वगैरे.

मराठीपासून सुरुवात. अकादमीच्या यादीत २०११ चा पुरस्कार दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला, २०१७ चा ल. म. कडू यांच्या ‘खारीचा वाटा’ला, २०१९ चा सलीम मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला, २०२० चा आबा महाजन यांच्या ‘आबाची गोष्ट’ला, २०२१ चा संजय वाघ यांच्या ‘जोकर बनला किंगमेकर’ला, २०२२ चा संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला. हे सगळे ‘पु’. पण २०१४ साली माधुरी पुरंदरे आणि २०१८ साली रत्नाकर मतकरी यांना मिळाला तो एकूण योगदानासाठी. तिथं एकाही पुस्तकाला ‘पु’ लावता येत नाही. पुरंदऱ्यांच्या एकाच पुस्तकावर पुरस्काराची पट्टी लावून बाकीची मोकळी ठेवली तर बाकीची कमी प्रतीची, असा अर्थ निघतो, आणि तो चुकीचा आहे. ‘ले’ची खूण कपाटाच्या फळीवर लावायची, पुस्तकावर नाही.

विंदा करंदीकरांना २००३ सालचं ज्ञानपीठ मिळालं तेही समग्र लेखनासाठी. ‘राणीची बाग’ किंवा ‘एटू लोकांचा देश’वर ‘ज्ञानपीठ विजेतं पुस्तक’ लिहिलं तर धडधडीत खोटं होईल. ‘ज्ञानपीठ विजेत्या कवीच्या बालकविता’ हे बरोबर. किपलिंगचंही तसंच. १९०७ चं नोबेल त्याला मिळालं, १८९४ च्या ‘द जंगल बुक’ला नव्हे.

‘रू’चं ठळक उदाहरण ‘श्यामची आई’. पुस्तक १९३५ चं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला, १९५४ साली, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी. रस्किन बाँडच्या ‘द ब्लू अंब्रेला’चीही तीच गत. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पडद्यावरच्या छत्रीला. बाँड यांना स्वतःला अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१२ साली मिळाला, तोही एकूण योगदानासाठी, म्हणजे ‘ले’.

‘स’ सगळ्यात जास्त फसवतं. ई. बी. व्हाइटचं ‘शार्लट्स वेब’ १९५३ साली न्यूबेरीचं, म्हणजे अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या पदकाचं, उपविजेतं ठरलं, पदक दुसऱ्याच पुस्तकाला गेलं. आज पदक मिळालेलं ते पुस्तक कोण मागतं? पण नोंद नोंदीसारखीच हवी. मुखपृष्ठावरचा शिक्का सोनेरी असेल तर पदक, रुपेरी असेल तर सन्मान. छपाईत रुपेरी पिवळट दिसतो, म्हणून रंगावर विसंबू नये, शिक्क्यावरची अक्षरं भिंग लावून वाचावीत.

११ एप्रिल

सालांचा घोळ. न्यूबेरी पदक आदल्या वर्षी छापलेल्या पुस्तकाला मिळतं. धनगोपाल मुकर्जी यांचं ‘गे-नेक’ १९२७ चं, पदक १९२८ चं. सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ १९६३ चं, कॅल्डिकॉट १९६४ चं. आपल्या आधीच्या यादीत दोन्ही सालं एकाच रकान्यात होती, त्यामुळं एक पुस्तक दोनदा मोजलं गेलं. ब्रिटनमधल्या कार्नेगी पदकाचं वर्ष बराच काळ पुस्तकाच्या प्रकाशनाचं धरत, आता देण्याचं धरतात. म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदी एकाच नियमानं वाचता येत नाहीत.

नावंही बदलतात. ब्रिटनच्या केट ग्रीनअवे पदकाला २०२२ पासून चित्रांसाठीचं कार्नेगी पदक म्हणतात. अमेरिकेतला लॉरा इंगल्स वाइल्डर पुरस्कार २०१८ साली नवं नाव घेऊन बसला. जुन्या प्रतीवर जुनं नाव असेल तर तेच उतरवायचं, पुढं ‘आताचं नाव’ लिहायचं. खोडायचं काही नाही.

मुकर्जींच्या पुस्तकाबद्दल एक गोष्ट टिपून ठेवतो. कलकत्त्याचं कबुतर, त्याचं नाव चित्रग्रीव. इंग्रजी वाचकाला लेखकाला ते फोड करून सांगावं लागलं. आपल्याकडच्या सातवीतल्या मुलाला ‘ग्रीवा’ म्हणजे मान एवढं सांगितलं की पुरतं. न्यूबेरी मिळवणारा हा पहिला भारतीय लेखक, आणि आपल्या कपाटात त्याची प्रत ‘पक्षी व प्राणी’ या माहितीच्या गठ्ठ्यात पडली होती.

१५ एप्रिल

संक्षिप्त आवृत्त्या. पुरस्कार मिळाला तो मजकूर एक आणि फळीवर आहे तो दुसराच, हे प्रमाण नको तितकं आहे. ‘जगप्रसिद्ध कथा’ छापाची चौसष्ट-शहाण्णव पानी पुस्तकं मूळ पुस्तकाचा सांगाडा असतात. वाचायला हरकत नाही, पण पट्टी नाही.

ओळखायची सोपी रीत म्हणजे शेवटच्या प्रकरणाचा आकडा. ‘शार्लट्स वेब’ची बावीस प्रकरणं, ‘अ रिंकल इन टाइम’ची बारा, ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ची एकोणतीस, ‘नंबर द स्टार्स’ची सतरा, ‘होल्स’ची पन्नास. आकडा जुळला नाही तर श्रेयपानावर (लेखक-प्रकाशकाची माहिती छापलेल्या पानावर) ‘रूपांतर’, ‘संक्षेप’, ‘पुनर्कथन’ असे शब्द शोधायचे. तेही नसतील तर पहिलं आणि शेवटचं पान दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहायचं.

‘श्यामची आई’ला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. शेवटची रात्र बेचाळिसावी. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळं त्यांच्या लेखनावरचा हक्क २०१० अखेर संपला. तेव्हापासून कुणीही छापतं, आणि कुणी काय गाळलंय ते वेष्टनावर लिहीत नाही. आपल्याकडच्या प्रती टेबलावर एकावर एक रचल्या तर जाडीवरूनच कळलं. सगळ्यात जुनी प्रत खाकी कागदात घातलेली, कडेला बोटांच्या मळानं काळी पडलेली, तारखेच्या चिठ्ठीवर चिठ्ठी डकवून तिचा पुठ्ठ्याएवढा थर झालेला. बेचाळीस रात्री शाबूत. सगळ्यात नवी प्रत चकचकीत, आतली चित्रं रंगीत, आणि अनुक्रमणिकेत रात्रीच नाहीत. धड्यांना ‘आईची शिकवण’ छापाची नवी शीर्षकं दिली आहेत. जुनी दुरुस्तीला, नवी साध्या फळीवर.

कधी कधी मजकूर नंतर सुधारलेलाही असतो. ‘द व्हॉयेजेस ऑफ डॉक्टर डूलिटल’ला १९२३ चं न्यूबेरी मिळालं. १९८८ च्या अमेरिकी आवृत्तीत त्यातले आफ्रिकी माणसांना हिणवणारे भाग काढले किंवा बदलले. तिथं पट्टी ठेवायची, शेऱ्यात ‘सुधारित मजकूर’ लिहायचं. मुलांना द्यायला ही सुधारितच बरी.

१८ एप्रिल

राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार. बालवाङ्मयात प्रकारानुसार वेगळी नावं आहेत: कवितेला बालकवी, कादंबरीला साने गुरुजी, कथेला राजा मंगळवेढेकर, नाटक-एकांकिकेला भा. रा. भागवत, सर्वसामान्य ज्ञानाला यदुनाथ थत्ते, संकीर्णला ना. धो. ताम्हनकर. यामुळं ‘साने गुरुजी पुरस्कार’ एवढंच लिहून भागत नाही, कारण त्याच नावानं इतर संस्थाही पुरस्कार देतात. ‘राज्य’ असा शब्द आधी लिहायचाच. स्थानिक संस्थांचे पुरस्कार कपाटाच्या यादीत नाहीत, पण मलपृष्ठावर छापले असतील तर शेऱ्यात उतरवतो. ते टाकाऊ नव्हेत, फक्त ताडून पाहायला वर्षवार यादी मिळत नाही.

२३ एप्रिल

दुरुस्ती सुरू. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, सगळं काम सकाळी सात ते साडेनऊ. याला माणसांइतकंच डिंकाचंही कारण आहे. कोरड्या गरम हवेत पांढऱ्या डिंकावर दोन मिनिटांत साय धरते, तो कागदात मुरत नाही आणि आठ दिवसांत पान सुटून हातात येतं.

नुसत्या डिंकानं चिकटवलेली पेपरबॅक पुस्तकं सगळ्यात वाईट. कारखान्यातला गरम डिंक जुना झाला की काचेसारखा तडकतो. पुस्तक मधोमध उघडलं की कणा कट्‌कन मोडतो. रीत अशी: मुखपृष्ठ सोडवून बाजूला, जुना डिंक सुरीनं खरवडून काढायचा, पानं ठोकून एका रेषेत आणायची, दोन फळ्यांत घालून शिकंज्यात आवळायची, कणा तीन-चार मिलिमीटर वर ठेवायचा. सँडपेपरनं कणा खरखरीत करायचा. मग करवतीनं दोन मिलिमीटर खोल खाचा, दीड ते दोन सेंटिमीटर अंतरानं, खाचांत सुती दोरा. डिंकात पाणी फार तर दहाला एक. पहिला हात पातळ, तो ओला असतानाच कणा एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वाकवून दोन पानांच्या मधे डिंक जाऊ द्यायचा. मग जखमेवर लावतात त्या गॉजची पट्टी, वर दुसरा हात. रात्रभर वजनाखाली. दुसऱ्या दिवसापर्यंत उघडून बघायचं नाही, मोह कितीही झाला तरी.

जुजबंदी शिलाईच्या, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्यानं शिवलेल्या, जुन्या पुस्तकांना एवढं लागत नाही. त्यांचा दोरा बहुधा धड असतो, पुठ्ठा आणि सांधाच गेलेला असतो.

सेलोटेप लावलेली पानं वेगळी ठेवली. टेप पिवळी होऊन गळते, डिंक मागं राहतो आणि शेजारच्या पानाला धरतो. ओढून काढली की अक्षरंही टेपबरोबर निघून येतात. निघत नसेल तर तशीच राहू द्यावी.

२९ एप्रिल

शिक्के आणि चिठ्ठ्या. आपल्या नियमानं शिक्का श्रेयपानावर, शेवटच्या पानावर आणि एका ठरलेल्या आतल्या पानावर, म्हणजे पान ५१ वर. चित्रपुस्तकाला ५१ वं पानच नसतं. चोवीस किंवा बत्तीस पानं, तीही बहुधा आकड्यांविना. शिवाय आर्ट पेपरवर शिक्क्याची शाई सुकत नाही. पुस्तक मिटलं की समोरच्या चित्रावर उलटा ठसा उमटतो. एका पुस्तकात हत्तीच्या सोंडेवर वाचनालयाचं नाव उलटं छापून बसलंय. चित्रपुस्तकांना यापुढं एकच शिक्का, श्रेयपानावर, वर टिपकागद दाबून. आतली ओळख म्हणून शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दाखल क्रमांक.

पुरस्काराची खूण म्हणून सोनेरी गोल स्टिकर आणले होते. नमुन्याला दहा पुस्तकांवर लावून खिडकीजवळच्या कपाटात चार दिवस ठेवले. डिंक वितळून कडेनं बाहेर आला, त्यावर शेजारच्या विणकामाच्या मागाची कापसाची लव बसली, आणि दोन मुखपृष्ठं एकमेकांना चिकटली. स्टिकर रद्द. आता कण्यावर तळापासून अडीच सेंटिमीटरवर रंगीत कागदाची बारीक पट्टी, वर पारदर्शक फिल्म. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी: पुरस्कार, साल, कशाला. खळ लावून चिकटवायची, कोपरे गोल कापून. टोकदार कोपरा मुलं नखानं उचकटतात, यात अपवाद नाही.

पाच मिलिमीटरपेक्षा बारीक कण्यावर पट्टी मावत नाही. तिथं ती मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, पण चित्रकाराचं नाव, किंमत आणि छापलेला पदकाचा शिक्का झाकायचा नाही.

४ मे

बाहेर बाइंडिंगला दिलेला गठ्ठा परत आला. कणे मजबूत, पण तिन्ही कडा मशीनवर कापलेल्या. चार पुस्तकांत पानांचे आकडे अर्धे गेलेत. एका चित्रपुस्तकाला बाजूनं टाके घातलेत, त्यात आतल्या समासाचे आठ-दहा मिलिमीटर गेले. दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध गिळलं गेलं, पुस्तक सपाट उघडतच नाही. चूक आपलीही, सांगायला हवं होतं. पुढच्या गठ्ठ्यात प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी: ‘कटिंग नको. बाजूचे टाके नकोत. मूळ मुखपृष्ठ वर चिकटवा.’

पिन मारलेल्या पातळ पुस्तकांच्या पिना गंजल्या आहेत. काढून तिथंच दोऱ्याचे तीन टाके, गाठ आतल्या बाजूला. पाच मिनिटांचं काम, बाहेर द्यायची गरज नाही.

८ मे

भाषा. शहराच्या पूर्व भागातल्या या वाचनालयात येणारं मूल घरी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी शिकतं आणि गल्लीत कन्नड, उर्दू ऐकतं. बालविभागाच्या फळ्या मात्र मराठी, इंग्रजी आणि ‘इतर’. अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार चोवीस भाषांत दिला जातो, दरवर्षीच्या यादीत तेलुगू, कन्नड, उर्दूची वेगळी ओळ असते. ‘इतर’ हा शब्द फळीवरून काढला. वर्गांकही (पुस्तकाची फळीवरची जागा ठरवणारे आकडे) नीट घातले: मराठी ८९१.४६, उर्दू ८९१.४३९, तेलुगू ८९४.८२७, कन्नड ८९४.८१४. आधी मराठीखेरीज तिन्ही भाषा एकाच आकड्याखाली कोंबल्या होत्या.

अडचण नोंदणीची. रजिस्टर लिहिणाऱ्याला तेलुगू लिपी येत नसेल तर तो मुखपृष्ठावरचं चित्र पाहून ‘सिंहाची गोष्ट’ असं काहीतरी लिहितो. यापुढं श्रेयपानाच्या मागं बहुतेक पुस्तकांत रोमन लिपीत शीर्षक असतं तिथून उतरवायचं, नसेल तर वाचता येणाऱ्या पालकाकडून देवनागरीत लिहून घ्यायचं. अंदाज बंद.

१४ मे

खरेदी. थोडक्यात: मूळ प्रकाशकाची प्रत मागावी, मागणीपत्रात शीर्षकाबरोबर लेखक, प्रकाशक आणि ‘संपूर्ण आवृत्ती’ हे शब्द असावेत. ‘आभाळमाया’ मागवताना सुरेश सावंत यांचं नाव न घालता चौकशी केली तर समोरचा त्याच नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेकडं वळतो. अकादमीचा २०२५ चा पुरस्कार मिळालेल्या बालकविता हव्यात, हे स्पष्ट लिहावं. एकनाथ आव्हाड यांचं ‘छंद देई आनंद’, २०२३, आणि भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’, २०२४, हीही याच मागणीत. पुरस्कारानंतरच्या पुनर्मुद्रणात मुखपृष्ठ बदललेलं असतं, म्हणून चित्रावरून नव्हे, श्रेयपानावरून ताडून घ्यायचं. पार्सल आलं की दाखल करण्याआधी प्रत्येक प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटून बघायची. उलटा बांधलेला किंवा दोनदा आलेला फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा जुडगा) सापडतोच, आणि शिक्का मारल्यावर पुस्तक परत घेत नाहीत.

१९ मे

काल संध्याकाळी वळीव. पत्र्याच्या सांध्यातून पाणी थेट दुरुस्तीच्या टेबलावर.

क्रम लक्षात ठेवण्यासारखा. आर्ट पेपरची पुस्तकं आधी, कारण तो गुळगुळीत कागद ओला मिटून वाळला की पानांची वीट होते, मग कशानंही सुटत नाही. ओली असतानाच पानं एकेक करून वेगळी केली, मधे कोरा छपाईचा कागद घातला आणि दर तासाला बदलला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. साध्या कागदाची पुस्तकं पंख्याखाली उभी, पंख्यासारखी उघडून. उन्हात एकही नाही. या उन्हात दहा मिनिटांत पुठ्ठा पन्हाळीसारखा वळतो. जी दिवसभरात हाती घेणं जमणार नव्हतं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओळखीच्या दुकानाच्या डीप फ्रीझरमध्ये. गोठली की बुरशी थांबते, नाहीतर दोन दिवसांत ती धरते.

दोन चित्रपुस्तकं गेली. बाकी वाचली. टेबल सांध्याखालून हलवलंय.

२६ मे

कपाट. काचेचं दार असलेलं कपाट आधी ठरलं होतं, ते नाकारलं. कुलपातलं पुस्तक मूल मागत नाही, आणि बंद काचेआड उन्हाळ्यात आतली हवा तापून कणे आणखी तडकतात. उघडी फळी, सगळ्यात वरची जमिनीपासून एकशेवीस सेंटिमीटरवर. खालची फळी पंधरा सेंटिमीटर उंच, कारण फरशी पुसताना पाणी उडतं आणि वाळवी खालूनच चढते. पाठ भिंतीपासून चार बोटं सुटी.

चित्रपुस्तकं कणा दाखवत लावली तर हरवल्यात जमा. ती तोंड पुढं करून, पुढं पट्टी मारलेल्या तिरक्या फळीवर. जागा जास्त खातात, म्हणून एका वेळी थोडीच बाहेर, दर सोमवारी बदलायची.

सगळी पुरस्काराची पुस्तकं एकत्र ठेवायची नाहीत, हाही निर्णय. कपाटात प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत. दुसरी प्रत तिच्या नेहमीच्या जागी, कवितांत कविता, साहसात साहस. नाहीतर ‘बोक्या सातबंडे’ मोठ्यांच्या दृष्टीनं मानाचं होतं आणि मुलांच्या दृष्टीनं अभ्यासाचं.

४ जून

सुट्टीतल्या मुलांना फळी मोकळी करून दिली आणि कोण काय उचलतं ते नुसतं पाहिलं. पट्टीकडं कुणी बघत नाही. मुखपृष्ठ, जाडी, मधलं एखादं पान, आणि अक्षरांचा आकार, याच क्रमानं हात चालतो. एक मुलगी ‘पियूची वही’ उघडून विचारत होती, “यात आपण लिवायचं का तिनं लिवलंय?” तिनंच लिहिलंय म्हटल्यावर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत, वाचून, आणि स्वतःची वही घेऊन.

इंग्रजी न्यूबेरीवाली पुस्तकं जाग्यावरून हलत नाहीत. भाषा हे कारण आहेच, पण बारीक टाइप आणि चित्रांचा अभाव हेही. त्यातली ‘शार्लट्स वेब’ तेवढी फिरते, गार्थ विल्यम्सच्या चित्रांमुळं. बाकीच्यांसाठी आठवड्यातून एकदा एक प्रकरण मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचं. सुरुवात चित्रग्रीवापासून.

चिठ्ठीची भाषा बदलली. ‘अमुक साली अमुक पुरस्कार’ एवढ्यानं मुलाला काही कळत नाही. आता खाली एक ओळ: गोष्ट कशाची, किती प्रकरणं, मोठ्यानं वाचायला किती वेळ लागेल. वेळ अंदाजे लिहायचा नाही, एक प्रकरण घड्याळ लावून वाचून काढायचा.

१० जून

शिल्लक कामं. ‘बोक्या’चे कुठले भाग आपल्याकडं नाहीत ते अजून ताडायचंय. रजिस्टरात भाग क्रमांकच नाहीत, फळीवरच्या आणि बाहेर गेलेल्या प्रती एकत्र आल्याशिवाय कळणार नाही. तेलुगू फळीवरच्या अकरा पुस्तकांची शीर्षकं वाचून घ्यायची आहेत, सोमवारी एका मुलाची आजी येणार आहे. पत्र्याच्या सांध्याला डांबर लावून झालं, पण टेबल पुन्हा तिथं न्यायचं नाही. ‘श्यामची आई’ची जुनी प्रत शिकंज्यातून आज काढली. कणा धरलाय, मुखपृष्ठ उद्या.